मदत हवी आहे: विद्यापीठातल्या कामाच्या मेसेजसाठी नियम लिहायचे आहेत

नमस्कार मंडळी,

मी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे. कर्मचाऱ्यांनी कामासाठी व्हॉट्सॲप आणि एसएमएस कसे वापरावेत याचं परिपत्रक काढायचं ठरलंय आणि कच्चा मसुदा माझ्या टेबलावर आलाय. इथे विद्यापीठांत, कॉलेजांत, सरकारी कचेऱ्यांत काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आधीच सांगते, ग्रुप बंद करा असं माझं म्हणणं नाही. जुलैत धो धो पाऊस लागतो, गाड्या बंद पडतात आणि सकाळच्या सत्राचा पेपर पुढे ढकलावा लागतो, तेव्हा सगळ्या केंद्रांना काही मिनिटांत निरोप पोचतो तो ग्रुपमुळेच. एसएमएसने ते जमत नाही. घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव, नोंदवलेला लागतो, मजकुराचा साचा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात देवनागरीत एका मेसेजला ७० अक्षरं मिळतात, रोमनमध्ये १६०. ऐनवेळी वाक्य बदलायचं म्हटलं की हात बांधलेले. म्हणून सगळे व्हॉट्सॲपकडे वळतात, आणि मग तिथे नको ते सगळंच यायला लागतं.

मागच्या सत्रात एका कॉलेजने लेखनिकाच्या (विद्यार्थ्याच्या वतीने पेपर लिहिणाऱ्याच्या) परवानगीसाठी एका विद्यार्थिनीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र थेट सगळ्या परीक्षा अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. नाव, फोटो, पत्ता, निदान, टक्केवारी, सगळं. वरून 'ओके' आलं, मुलीला लेखनिक मिळाला, काम झालं. पण त्या ग्रुपमधल्या बहुतेकांचा त्या अर्जाशी काडीचा संबंध नव्हता. टाकणाऱ्याने नंतर मेसेज सर्वांसाठी हटवला तरी मधल्या वेळात कुणी पुढे पाठवला असेल तर तो परत कसा येणार? त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? मला हे फार लागलं.

दुसरी अडचण तोंडी आदेशांची. रात्री साहेबांचा व्हॉइस मेसेज येतो, 'अमक्या कॉलेजची मार्क भरायची लिंक उद्या उघडून द्या.' ऑपरेटर उघडून देतो. फाइलवर टिपणी नाही, सही नाही. चॅटवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर काही दिवसांनी तो आवाजही नाही. उद्या चौकशी लागली की ज्याने सांगितलं त्याचं नाव कुठेच नसतं, ज्याने केलं त्याचा लॉगिन मात्र सिस्टिममध्ये वेळेसकट बसलेला असतो. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं साहित्य येतं. पण आदेश कुणाच्या खासगी फोनवर राहिला आणि तो माणूस निवृत्त झाला, तर जन माहिती अधिकाऱ्याने तो आणायचा कुठून?

मसुद्यात आत्तापर्यंत मी एवढं घातलंय: वेळ, जागा, बैठक, तातडीचा बदल आणि 'मेल पाहा' एवढे निरोप मेसेजवर चालतील. विद्यार्थ्याचं नाव आणि गुण, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), आधार, वैद्यकीय कागद, कॉपी प्रकरणाची चर्चा, परीक्षकांची नावं, यातलं काहीही कुठल्याही ग्रुपवर नाही. मेसेजवर आदेश दिलाच तर पुढच्या कामाच्या दिवशी त्याची टिपणी सादर व्हायला हवी.

आता प्रश्न. तुमच्याकडे असं परिपत्रक आहे का, आणि असेल तर त्याची भाषा कशी आहे? टिपणीवर साहेबांनी सहीच केली नाही तर खालच्या माणसाने काय करायचं? आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये आमचे नंबर सगळ्यांना दिसतात, अवेळी फोन येतात, सहकारी मुली हैराण झाल्यात. त्यावर उपाय काय?

बारनिशी
ताई, मी कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सहीची वाट बघत बसू नका. तोंडी सूचना आली की त्याच दिवशी ऑफिसच्या मेलवरून साहेबांना लिहायचं, 'आपण आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार लिंक उद्या सायंकाळी ५ पर्यंत खुली ठेवत आहे.' कक्षाला प्रत, आणि मेलची प्रिंट पृष्ठक्रमांक घालून फाइलला. त्यात तक्रारीचा सूर नको, निव्वळ कळवणं. साहेबांना मान्य नसेल तर ते लगेच फोन करतात, हा माझा अनुभव. परिपत्रकात हीच पद्धत लिहा, म्हणजे कुणा एकावर आगाऊपणाचा शिक्का बसत नाही.

घाटमाथा
नंबरांसाठी: विद्यार्थ्यांच्या सूचनांना ग्रुप नकोच, व्हॉट्सॲप चॅनेल सुरू करा. फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि चालवणाऱ्याचाही दिसत नाही. कॉलेजांशी बोलायला ऑफिसच्या नावावर सिम आणि फोन घ्या, तो कक्षातच राहील आणि बदलीच्या वेळी कार्यभारासोबत द्यायचा. शिवाय सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराचा शासन निर्णय काढलाय. कामाच्या समन्वयासाठी व्हॉट्सॲप चालेल, गोपनीय कागद टाकायचे नाहीत, असं त्यात आहे. मसुद्याला आधार म्हणून जोडा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मेलची पद्धत तशीच्या तशी घेते आणि ऑफिसच्या फोनचा प्रस्तावही मसुद्यासोबत देते. शासन निर्णयाची प्रत काढते.

एक गोष्ट राहिली. आमचे डेटा एंट्रीवाले बहुतेक कंत्राटी आहेत. त्यांना विद्यापीठाचा मेल आयडी नाही, आणि रात्रीचे आदेश सगळ्यात जास्त त्यांनाच येतात. त्यांनी मेल करायचा कुठून? कक्षाच्या एकाच सामाईक मेलवरून पाठवला तर चौकशीत तो त्यांचा म्हणून धरला जाईल का? कुणाच्या विभागात हे सुटलं असेल तर जरूर लिहा, सोमवारी मसुदा वर जायचा आहे.