सेकंड हँड मस्टँग घेतली, ॲक्सिडेंट लपवला होता, आता काय करू?

भाऊ, दोन महिन्यांपूर्वी नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका डीलरकडून 2018 ची मस्टँग घेतली, तो छातीठोकपणे म्हणत होता की एक ओरखडाही नाही, आणि परवा अलाइनमेंटला टाकली तर मेकॅनिक म्हणे समोरची चेसिस वेल्ड केलेली आहे. झोप उडालीय. पैसे परत मिळतील का?

उत्तर: आधी गाडी चालवणं बंद कर ना भाऊ. समोरचा भाग धडकेत दबून जोर खायलाच बनवलेला असतो, तिथे कसंही वेल्डिंग केलं की तो भरवसा गेला. पेंट मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) लावून बघ, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन, 500 च्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे समज.

उत्तर: गाडीच्या जुन्या इन्शुरन्स पॉलिसी काढ, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) मधेच शून्य झाला असेल तर क्लेम झालेला असू शकतो.

उत्तर: डीलरशी फोनवर भांडू नको, व्हॉट्सॲपवर लिहून विचार, जुने मेसेज डिलीट करू नको. मेकॅनिककडून लेटरहेडवर रिपोर्ट घे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाक, नाहीच ऐकलं तर नागपुरातच ग्राहक आयोगात जा, मुदत 2 वर्षांची आहे पण थांबू नको.

धन्यवाद भाऊ, उद्याच रिपोर्ट घेतो.