माथेरानच्या कड्याची फेरी: वाट मातीचीच राहू द्या

उनाडपाऊल
शनिवारी माथेरानला बाजारातून निघून कड्याकडेनं फेरी मारली. अलेक्झांडर, रामबाग, चौक, वन ट्री हिल, मग शार्लोट तलाव, इको, लुईसा असे पॉइंट करून परत बाजार. भेळ-सरबताचे थांबे धरून पाच तास लागले. अंजन-जांभळांची सावली एवढी दाट की भर बाराला टोपी बॅगेतच होती. घरी येऊन मोजे बादलीत टाकले तर पाण्याचा चहा झाला!
धागा काढायचं कारण वेगळं. वाटेत दोघातिघांच्या तोंडून ऐकलं, आता इथंही पेव्हर ब्लॉक टाकावेत. माझा साफ विरोध. २००३ पासून हा इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा संवेदनशील भाग आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दस्तुरी (गाड्या थांबतात तो नाका) ते शिवाजी पुतळा या मुख्य रस्त्यापुरते पेव्हर मान्य केले, आतल्या रस्त्यांना नाही. मग कड्याकडेच्या पायवाटेला कशाला हवेत?

दस्तुरीकर
असहमत. तुम्ही शनिवारी येता, रविवारी जाता. तुमचे मोजे लाल झाले त्याचं तुम्हाला कौतुक, आमच्या घरात तीच धूळ घोड्याच्या लिदीसकट भाकरीवर बसते. आणि माती वाचवा म्हणता, ती राहते कुठे? जून लागला की वाटेचा ओढा होतो आणि माती दरीत जाते. रामबागेकडे मुळं हातभर उघडी पडलीत, दिसली नाहीत? तसल्याच मुळात पाय अडकून आई पडली, मनगट मोडलं. हातरिक्षात घालून दस्तुरीला नेली, तिथून पुढे गाडी.

टापटीप
दस्तुरीकर, आईंना आता बरं आहे ना?
पण घोड्यांचं काय? माझे मामा घोडेवाले. ओल्या पेव्हरवर नाल सरकते. उतारावर घोडा कसा बिचकतो ते एकदा लगाम हातात धरून बघा. मामा अशा ठिकाणी गिऱ्हाइकाला खाली उतरवतात आणि मग पैशांवरून वाद.

दस्तुरीकर
बरी आहे, धन्यवाद. मनगट थोडं वाकडं बसलंय.
घोड्यांचं मान्य. पण घोड्यांच्या टापांनीच माती सुटी होते, हेही मामांना सांगा.

उनाडपाऊल
मुळं दिसली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दोष मातीचा नाही, पाण्याला बाजूला वाट नाही. उतारावर ठरावीक अंतरानं जांभ्याचे दगड तिरके गाडले की पाणी वाटेवरून धावत नाही, कडेला झाडीत उतरतं. पेव्हरवर ते आणखी जोरात धावेल आणि जिथे पेव्हर संपतील तिथे घळ पाडेल.

खडीसाखर
उनाडपाऊल यांना +१, पण अर्धा. तलावापर्यंत वयस्कर लोक येतात, पिसारनाथाच्या देवळात जातात. तिथवर पायाला सपाट काहीतरी द्या. पुढे इको-लुईसाला माती राहू दे.
(अवांतर: भेळ कुठल्या टपरीवर?)

उनाडपाऊल
आज तलावापर्यंत दिलं की उद्या लुईसापर्यंत मागणार. (तलावाच्या अलीकडे, मोठ्या जांभळाखाली. माकडांपासून पुडी सांभाळा.)

दस्तुरीकर
तिरके दगड आमच्या घराजवळ घातले होते. दोन पावसाळे टिकले, तिसऱ्यात मागे गाळ भरला आणि पाणी वरून जायला लागलं. गाळ काढायला कोण येणार, फेरीवाले पाहुणे?

उनाडपाऊल
मी येतो. मित्रांनाही विचारतो. कधी?

दस्तुरीकर
पहिल्या पावसाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात. फावडी इथे मिळतील, हातमोजे आपापले आणा. पण लिहून ठेवतो, आई पडली त्या तुकड्याला मी पेव्हरच मागणार.

उनाडपाऊल
मागा. तिथेही मी विरोधच करणार. फावडी चार ठेवा.