मेंदूतील दृष्टीचे स्तंभ : पाहण्याचे एकक की नुसती नक्षी?

आर्वीकर मास्तर (धागाकर्ते)

डोळ्याचा धडा आपण दृष्टिपटलावरील उलट्या प्रतिमेपाशी थांबवतो. पाहण्याचे खरे काम ज्या दृष्टी-बाह्यकात होते, तो मेंदूचा मागचा भाग आमच्या खेड्यातील विद्यार्थ्यांच्या कानावरही पडत नाही. माझे मत असे की, तेथील स्तंभरचना, म्हणजे सारख्या कामाच्या पेशींचे उभे गठ्ठे, अकरावी-बारावीत सविस्तर शिकवावी, कारण पाहण्याचे मूळ एकक तेच आहे. मेंदूशास्त्रज्ञ व्हर्नन माउंटकॅसल यांनी 1957 साली मांजराच्या स्पर्श-बाह्यकात अशा उभ्या स्तंभांचे वर्णन केले. पुढे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी दृष्टी-बाह्यकात पेशींचे संकेत टिपणारे सुईसारखे सूक्ष्म विद्युताग्र सरळ खाली उतरवले, तेव्हा वाटेतील बहुतेक पेशी एकाच कोनातील रेघेला दाद देताना आढळल्या. तेच विद्युताग्र तिरपे नेले की पसंतीचा कोन क्रमाक्रमाने फिरत गेला. डाव्या आणि उजव्या डोळ्याला दाद देणाऱ्या पेशींचे पट्टेही तेथे आलटून-पालटून येतात आणि माणसात असा एक पट्टा मिलिमीटरहून थोडा कमी रुंद असतो. या दोघांना 1981 चे नोबेल मिळाले, हे सर्वज्ञात आहे. निसर्ग एवढी शिस्त उगाच पाळील, हे मला पटत नाही.

वैनगंगाकाठ

मास्तर, निरीक्षणे निर्विवाद आहेत. शेवटचे वाक्य मात्र विज्ञानाचे नाही, श्रद्धेचे आहे. उंदराच्या जातकुळीतील प्राण्यांकडे पाहा. घुशीच्या बाह्यकात कोन ओळखणाऱ्या पेशी आहेत, पण त्या स्तंभांत न राहता एकमेकींत मिसळलेल्या असतात, असे 2005 साली दिसून आले. अमेरिकेतील करडी खार तर नजरेवर जगणारा प्राणी, तरी तिच्यातही कोनांचा नकाशा आढळला नाही. याहून अडचणीचे उदाहरण स्क्विरल माकडांचे आहे : काहींत डोळ्यांचे पट्टे ठळक, काहींत जवळजवळ नाहीत, आणि तरीही त्यांच्या पाहण्यात त्यामुळे फरक पडल्याचे कोणी दाखवलेले नाही. सारख्या कामाच्या पेशी शेजारी असल्या की जोडण्या आखूड होतात, एवढ्यानेही अशी नक्षी उमटू शकते. जोनाथन हॉर्टन आणि डॅनियल अ‍ॅडम्स यांनी 2005 साली स्तंभाला ‘कार्य नसलेली रचना’ म्हटले, ते उगाच नव्हे. दृश्याचा कोणता भाग मेंदूत कोठे उमटतो, तो नकाशा मुलांना शिकवा, एकक शिकवू नका.

तक्तेवाली, दारव्हा

नकाशाचा विषय निघालाच आहे, तर तो कसा हाती लागला तेही सांगायला हवे. रशिया-जपान युद्धात बारीक, वेगवान गोळ्या कवटीतून आरपार जाऊनही अनेक सैनिक वाचले. जखम नेमकी कोठे आणि दृष्टीचा कोणता भाग गेला, याची सांगड घालून तात्सुजी इनोये या जपानी डॉक्टरांनी 1909 साली हा नकाशा मांडला. डावीकडचे दृश्य उजव्या मेंदूत आणि वरचे दृश्य दृष्टी-बाह्यकाच्या खालच्या काठावर येते. गावनकाशात गावठाण एवढेसे आणि शिवार अफाट असते, येथे नेमके उलटे : दृष्टिक्षेत्राच्या मधल्या 10 अंशांनाच निम्म्याहून अधिक जागा मिळते.

परंतु वैनगंगाकाठ यांनी स्तंभ निकालात काढले, ते मला मान्य नाही. शाळेतल्या नेत्रतपासणीत एखादी मुलगी दोन्ही डोळ्यांनी तक्ता धडाधडा वाचते. चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला की मान वळवते, हात सारते, बोटांच्या फटीतून पाहू लागते. “डोया तं साफ आहे, मंग दिसत काऊन नाही?” हा आईचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर डोळ्यात नसून मेंदूत आहे. पिलाच्या एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली, तर माकडात त्या डोळ्याचे पट्टे आक्रसतात आणि उघड्या डोळ्याचे रुंदावतात, हे ह्यूबेल-वीझेल यांनीच दाखवले. आळशी डोळा समजावण्यासाठी याहून चांगले चित्र माझ्याकडे नाही.

वैनगंगाकाठ

ताई, ते चित्रच जपून वापरा. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असल्याने डोळा आळशी झालेल्या एका व्यक्तीचे बाह्यक मृत्यूनंतर तपासले गेले, त्याचा अहवाल हॉर्टन आणि मायकेल स्ट्रायकर यांनी 1993 साली दिला. पट्टे सामान्य रुंदीचे निघाले. दृष्टी गेली होती, स्तंभ शाबूत होते.

तक्तेवाली, दारव्हा

त्यातून एवढेच कळते की वेळ महत्त्वाची आहे. जन्मजात मोतीबिंदूने प्रकाश अगदी सुरुवातीला अडतो. नंबराचा दोष बहुधा पट्टे पक्के झाल्यावर बाधतो. म्हणूनच पालकांना “आता वय गेले” असे कोणी परस्पर सांगू नये. 7 ते 12 वयाच्या मुलांतही चष्म्यासोबत डोळा झाकण्याच्या उपचाराने सुधारणा होते, हे अमेरिकेतील 2005 च्या चाचणीत दिसले आहे.

आर्वीकर मास्तर

खारीचे उदाहरण मी वर्गात जरूर घेईन. ‘एकक’ हा शब्द मात्र सोडणार नाही. माकडाच्या बाह्यकात साधारण 2 मिलिमीटर सरकले की दृश्याचा पूर्ण वेगळा तुकडा सुरू होतो आणि तेवढ्याच अंतरात दोन्ही डोळे व सर्व कोन निदान एकदा येऊन जातात. हा योगायोग कसा?

वैनगंगाकाठ

योगायोग नाहीच, पण तो हिशेब नकाशाचा आहे. खारीलाही दृश्याचा प्रत्येक तुकडा सर्व कोनांतून तपासावा लागतो, आणि ते काम ती स्तंभांवाचून उरकते.