तांब्याचा बंब ठणठणीत, पण खालचे लोखंडी पाय का सडले? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गावचं घर रत्नागिरीजवळ, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आजीच्या वेळचा तांब्याचा बंब चार वर्षं पडवीत पडून होता, मे महिन्यात गावी गेलो तेव्हा साफ करायला घेतला आणि डोकं चालेनासं झालं म्हणून इथे विचारतोय.

बंब बाहेरून चॉकलेटी-काळपट झालाय, तोटीखाली जिथे पाणी ठिबकायचं तिथे हिरवा थर आहे, आजी त्याला जंगाल म्हणायची. नखाने खरवडून बघितला तर निघत नाही, खालचा पत्रा शाबूत, बोटाने टिचकी मारली की अजून नाद येतो. आणि तो ज्या लोखंडी कड्यावर बसतो ते कडं आणि त्याचे तीन पाय बाबांनी दहाएक वर्षांपूर्वीच नवीन करून घेतलेले, त्याचे पापुद्रे सुटतायत, एक पाय तर उचलताना हातातच आला. मला वाटलेलं जमिनीकडे ओल असते तर तिकडे जास्त गंज असेल, पण नाही, कडं जिथे तांब्याला टेकतं तिथेच लोखंड सगळ्यात जास्त खाल्लंय!

एक म्हणजे हे हिरवं तांब्याला खातंय का, घासून लख्ख करू की राहू देऊ? दुसरं, तोटीच्या जोडापाशी दोन-तीन ठिपके आहेत, फिकट हिरवी पूड, लिंबू-मिठाने घासले तरी आठ दिवसांत परत हजर. आणि पायांचं काय करू? आईला या दिवाळीला अभ्यंगस्नान बंबाच्या पाण्यानेच करायचंय, तिने एवढं एकच मागितलंय, त्यामुळे मला हे नीट करायचंच आहे.

प्रतिसाद १
दादा, बंब टाकू नका, तो चांगला आहे. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, पापुद्रा सुटतो आणि खालचं कोरं लोखंड परत हवा-पाण्याला उघडं पडतं, त्यामुळे ते थांबतच नाही. तांब्यावर आधी तांबूस मग काळपट ऑक्साइड येतं, वर्षानुवर्षं ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की हिरवा थर, आणि हे थर धातूला घट्ट चिकटून बसतात म्हणून आतलं तांबं वाचतं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ सालचा, पत्रा जेमतेम अडीच मिलिमीटरचा, तो या हिरव्या थराखालीच टिकलाय.

तुमच्या पायांचं उत्तरही तिथेच आहे. त्या पुतळ्याच्या आत लोखंडी पट्ट्या होत्या, तांब्याला टेकू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस घातलेलं, ते खराब झालं आणि पट्ट्या गंजून इतक्या फुगल्या की रिबिटं उपटली गेली. १९८० च्या दशकात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. दोन धातू टेकलेले आणि मध्ये खारट ओल म्हणजे बॅटरीच झाली, त्यात लोखंड झिजतं आणि तांबं वाचतं. तुमच्याकडे तांबं मोठं आणि कडं छोटं, त्यामुळे सगळा भार कड्यावर.

ती फिकट पूड मात्र वेगळी, ते मिठाचं काम आहे, खाऱ्या हवेतलं क्लोराइड आत बसलंय आणि ओल मिळाली की पुन्हा फुलतं. तिथे मीठ अजिबात लावू नका! नुसत्या चिंचेच्या कोळाने काढा, गोड्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा.

प्रतिसाद २
आमच्या बंबाला पितळी पाय आहेत, आजोबांच्या वेळचे, काही झालं नाही. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत विचारा, करून मिळतील. कडं आणि बंबाच्या मध्ये रबर घालायचा विचार असेल तर नको, निखाऱ्याच्या धगीने वितळेल. आणि आतून जंगाल असेल तर चिंचेने काढूनच पाणी भरा, ते पोटात जाणं वाईट, पोरं आंघोळ करताना पाणी तोंडात घेतातच.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. बाहेरचा हिरवा थर तसाच ठेवतोय, आत टॉर्च मारून बघितलं तर तळाला थोडं जंगाल आहे, ते आज चिंचेने काढतो. पितळी पायांसाठी कड्याचं माप घेतलंय, आतून साडेतेरा इंच भरलं. पाय बंबाला रिबिटाने पक्के करावेत की नुसता बंब वर ठेवावा, एवढं कोणी सांगेल का?