नौकेवरील डिझेल जनरेटर: इंजिन सुरळीत, तरीही व्होल्टेज कमी

सुकाणू
आमच्या नौकेवर ६ केव्हीए क्षमतेचा, सिंगल फेज, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा डिझेल जनरेटर आहे. त्याचा अल्टरनेटर (वीज निर्माण करणारा भाग) दोन पोलांचा व ब्रश नसलेला असून त्याला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) नाही; उत्तेजन, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणारा प्रवाह, कॅपॅसिटरमार्फत मिळते. पूर्वी पॅनेलवर २३० च्या आसपास असणारे व्होल्टेज आता भार नसताना १८७ पर्यंतच जाते, त्या वेळी फ्रिक्वेन्सी ५१.५ हर्ट्झ असते. एकूण ३ किलोवॉटचे दोन हीटर लावले की व्होल्टेज १६२ वर आणि फ्रिक्वेन्सी ४९.८ वर येते, आणि बॅटरी चार्जर तर या व्होल्टेजवर चालूच होत नाही. डिझेलचे फिल्टर नुकतेच बदलले आहेत, धूर नाही आणि आवाजातही फरक जाणवत नाही. दोष कोठून शोधायला सुरुवात करावी?

गव्हर्नर
इंजिनचा वेग थोडा वाढवून पाहावा. कॅपॅसिटरवर चालणाऱ्या अल्टरनेटरचे व्होल्टेज वेगाबरोबर झपाट्याने वाढते, त्यामुळे गव्हर्नरचा (इंजिनचा वेग राखणाऱ्या यंत्रणेचा) स्क्रू थोडासा फिरवला तरी काम भागू शकते. नव्या जनरेटरची जुळणी करतानाही असेच करतात.

तारतंत्री
वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. दोन पोलांच्या अल्टरनेटरमध्ये ३००० आरपीएमला ५० हर्ट्झ मिळतात, म्हणजे ५१.५ हर्ट्झला इंजिन ३०९० आरपीएमवर फिरत आहे. भार नसताना वेग एवढा जास्तच ठेवलेला असतो, जेणेकरून भार आल्यावर तो ५० हर्ट्झच्या जवळ येऊन स्थिरावेल. जुळणीच्या वेळी चार-पाच व्होल्टची दुरुस्ती वेगाने करणे ठीक. पण येथे ४० हून अधिक व्होल्ट गायब आहेत. ते वेगाने भरून काढायला गेल्यास फ्रिक्वेन्सी मर्यादेबाहेर जाईल, पंप आणि शीतयंत्रांच्या मोटरी गरजेपेक्षा वेगाने फिरतील आणि मूळ दोष मात्र झाकला जाईल.

फ्रिक्वेन्सी योग्य असताना व्होल्टेज कमी असेल, तर दोष विजेच्या बाजूला आहे. शिवाय आपले व्होल्टेज भार नसतानाही कमी आहे. विद्युतप्रवाहच वाहत नसताना केबलमध्ये किंवा सैल जोडणीत व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे त्या १८७ चा दोष वायरिंगला देता येणार नाही. उरतात तीन जागा: कॅपॅसिटर, रोटरवरील (अल्टरनेटरच्या फिरत्या भागावरील) डायोड आणि वाइंडिंग (तारांची वेटोळी). यांत कॅपॅसिटर सर्वांत आधी तपासावा, कारण तो सर्वांत लवकर थकतो आणि तपासायला सर्वांत सोपा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. जनरेटर बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये विद्युतप्रभार साठलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरने टर्मिनल जोडून ठिणगी पाडण्याची जी पद्धत दिसते, ती कॅपॅसिटरला आणि माणसालाही चांगली नाही. काही किलो-ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर लावून तो रिकामा करावा, मल्टीमीटरने शून्य आल्याची खात्री करावी आणि मगच वायरी काढून मायक्रोफॅरॅड मोजावेत.

सुकाणू
सविस्तर उत्तराबद्दल आभार. कॅपॅसिटरवर ३१.५ मायक्रोफॅरॅड, अधिक-उणे ५ टक्के, ४५० व्होल्ट एसी असे छापलेले आहे. मोजणी मात्र २४ दाखवते. बाहेरून तो फुगलेला किंवा गळलेला नाही. दुकानात याच आकाराचे ४० मायक्रोफॅरॅडचे मिळत आहेत. जास्त क्षमतेचा बसवला तर चालेल का?

तारतंत्री
चालणार नाही. क्षमता वाढली की उत्तेजन वाढते, व्होल्टेज वर चढते आणि वाइंडिंग तापू लागते. छापील क्षमतेचाच, किमान ४५० व्होल्ट एसीचा आणि सतत चालणाऱ्या मोटरींसाठी असलेला 'रनिंग' प्रकारचा कॅपॅसिटर घ्यावा. मोटर सुरू करण्यापुरता वापरला जाणारा 'स्टार्टिंग' कॅपॅसिटर दिसायला तसाच असतो, पण अखंड वापरात तो फार काळ टिकत नाही.

नवा बसवूनही व्होल्टेज वाढले नाही, तर रोटरवरील डायोड पाहावे लागतील. त्यांचे एक टोक सोडवल्याशिवाय मोजणी करू नये. वाइंडिंग समांतर असल्याने मीटर दोन्ही दिशांना शॉर्ट असल्यासारखेच दाखवतो आणि चांगले डायोड बाद ठरतात.

भरतीओहोटी
आणखी एक बाब लक्षात घ्यावी. आपण ३ किलोवॉटचा भार म्हणता, परंतु १६२ व्होल्टवर ते हीटर जेमतेम निम्मी शक्ती घेत होते, कारण हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे इंजिनची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही. व्होल्टेज सुधारल्यावर फ्रिक्वेन्सी पुन्हा मोजावी. ती ४७ किंवा त्याखाली घसरली, तर इंधनपुरवठ्यातील हवा किंवा एक्झॉस्टच्या कोपरात साचलेली काजळी पाहावी. जेथे समुद्राचे पाणी धुरात मिसळते, तो कोपर आतून कधी चोंदत जातो हे बाहेरून कळत नाही. तसेच भारावरचे व्होल्टेज पॅनेलवर आणि जनरेटरच्या टर्मिनलवर, असे दोन्हीकडे मोजावे.

सुकाणू
३१.५ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर बसवला. भार नसताना आता २३४ व्होल्ट मिळतात. दोन्ही हीटरांसह फ्रिक्वेन्सी ४९.४ आहे, त्यामुळे इंजिनची शंका मिटली. मात्र जनरेटरच्या टर्मिनलवर २२४ व्होल्ट असताना पॅनेलवर २११ च येतात. क्लॅम्प मीटरवर १२ अँपिअर दिसतात.

भरतीओहोटी
१३ व्होल्ट आणि १२ अँपिअर, म्हणजे वाटेत कोठेतरी सुमारे १५६ वॉट उष्णता तयार होत आहे. ती लांब केबलभर विखुरलेली असती तर एक वेळ चालले असते. एकाच जोडणीत असेल तर आगीचा धोका आहे. शोध पूर्ण होईपर्यंत मोठा भार लावू नये. किनाऱ्यावरची वीज आणि जनरेटर यांच्यात अदलाबदल करणारा स्विच प्रथम उघडावा, अर्थात दोन्हीकडचा पुरवठा पूर्ण तोडल्यावरच.

सुकाणू
अंदाज बरोबर ठरला. स्विचमधील न्यूट्रलच्या वायरीचे आवरण टोकापासून दोन बोटे तपकिरी होऊन कडक झाले होते, आतील तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि स्क्रूखाली हिरवट गंज होता. चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापली, कथिलाचा मुलामा दिलेला लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून क्रिंप केला आणि स्विचही बदलला, कारण त्याचे प्लॅस्टिक वितळू लागले होते. त्याच भारावर आता पॅनेलवर २२२ व्होल्ट मिळतात आणि बॅटरी चार्जर चालू राहतो.

लंगर
माझ्या जनरेटरला एव्हीआर आहे आणि व्होल्टेज असेच पडते. हीच पद्धत लागू होते का?

तारतंत्री
सुरुवात तीच, म्हणजे आधी फ्रिक्वेन्सी. अनेक एव्हीआर वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की व्होल्टेज मुद्दाम उतरवतात, आणि तेव्हा निष्कारण एव्हीआर बदलला जातो. वेग योग्य असेल, तर व्होल्टेज जाणून घेणाऱ्या सेन्सिंग वायरींच्या जोडण्या पाहाव्यात. वाइंडिंगचे इन्सुलेशन मेगरने (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासायचे असल्यास एव्हीआर आधी पूर्णपणे सोडवून ठेवावा, अन्यथा मेगरचे ५०० व्होल्ट त्याला निकामी करतील. आपल्या जनरेटरच्या भारासह आणि भाराशिवायच्या मोजण्या, शक्य तर वेगळ्या धाग्यात, द्याव्यात.