चिखलकाल्याचे कँडिड फोटो ब्लॅक अँड व्हाईट केले की चेहरे मळकट दिसतात, काय करू?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. यंदा गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याला, म्हणजे पावसाळ्यात चिखलात खेळायच्या उत्सवाला, देवकीकृष्णाच्या देवळाकडे गेलेलो, खेळणाऱ्यांचे फोटो सगळेच काढतात म्हणून मी जास्त करून बघणाऱ्यांचे चेहरे टिपले, कुणाला पोज द्यायला सांगितलं नाही. त्यातले दोन मला फारच आवडलेत. एक आजोबा आहेत, चिऱ्याच्या (तांबड्या जांभा दगडाच्या) गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, टेकून उभे, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, पाऊस पडतोय आणि ते कुणाला तरी बघून खुदकन हसताहेत. दुसरा एक पोरगा, तोंड पूर्ण चिखलाने माखलेलं, नुसते डोळे आणि दात दिसतात.

चवथीला (गणेश चतुर्थीला) आमच्या वाड्यावरच्या हॉलमध्ये हे फोटो लावायचं ठरलंय, १२ बाय १८ इंचाचे प्रिंट, सगळे ब्लॅक अँड व्हाईट. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) आहेत आणि एडिटिंगला लाइटरूम सॉफ्टवेअर आहे. पण सॅच्युरेशन शून्यावर नेलं की आजोबांचा चेहरा आणि मागचा गडगा एकजीव होऊन जातात, सगळीकडे एकच राखाडी. कॉन्ट्रास्ट वाढवला तर चेहरा काळाठिक्कर आणि केस पांढरेफटक. नेटवरचे प्रीसेट (तयार सेटिंग) पण लावून बघितले, त्यात आजोबा एकदम गोरे होतात, ते मला अजिबात पटत नाही, त्यांच्या चेहऱ्यात जे आहे तेच निघून जातं. ते ठसठशीत ब्लॅक अँड व्हाईट पोर्ट्रेट असतात ना, सुरकुती न् सुरकुती बोलते, तसं कसं आणायचं? कुणी नीट समजावून सांगेल का.

बार्देशी_बाय

पहिलं म्हणजे सॅच्युरेशन शून्य करायचं सोडून दे. त्याने रंग जातो आणि उरते ती फक्त उजेडाची पातळी, आणि तुझ्या फोटोत नेमकी तीच दोघांची सारखी आहे.

आकडे टाकून सांगते म्हणजे पटेल. रंगाचा राखाडी करायचा जुना ठरलेला हिशेब असा की लालचा वाटा २९.९ टक्के, हिरव्याचा ५८.७ आणि निळ्याचा ११.४, सॉफ्टवेअरप्रमाणे थोडं इकडेतिकडे. आता समज आजोबांच्या गालावरचा एक ठिपका लाल १५०, हिरवा १००, निळा ७५ आहे. आणि मागच्या चिऱ्याचा लाल १६५, हिरवा ८५, निळा ६०. रंगात बघितलं तर कुणीही सांगेल की हा गाल आणि हा चिरा. पण त्या वाट्यांनी गुणून बेरीज केली की गाल ११२ आणि चिरा १०६. २५५ मध्ये ६ चा फरक, तो कुणाच्या डोळ्याला दिसणार? आता एकेक चॅनेल बघ. लाल चॅनेलमध्ये चिरा उजळ आणि चेहरा गडद, हिरव्या चॅनेलमध्ये बरोब्बर उलटं. म्हणजे फरक फोटोत आहेच, तू तो बेरजेत हरवून टाकतोयस.

म्हणून वरती ट्रीटमेंटमध्ये ब्लॅक अँड व्हाईट निवड आणि खाली बी अँड डब्ल्यू मिक्समध्ये जा. आठ स्लायडर दिसतील, लालपासून मॅजेंटापर्यंत. आपली कातडी मुख्यतः नारिंगीत बसते, थोडी लाल थोडी पिवळ्यात. चिरा लालकडे झुकलेला, भिजला की अजून जास्त. तर लाल खाली ओढ, नारिंगी अगदी थोडा वर. आणि पावसातला गडगा म्हणजे त्यावर शेवाळ असणारच, ते आपण हिरवं म्हणतो पण लाइटरूमला ते बरंचसं पिवळ्यात दिसतं, त्यामुळे हिरव्याबरोबर पिवळा पण खाली घे, गडगा आपोआप मागे सरकेल. लाल खाली नेताना ओठांवर आणि कानाच्या पाळीवर लक्ष ठेव, ते पण काळे पडायला लागतात.

व्हाईट बॅलन्स (फोटोचा रंग थंड-गरम करायची सेटिंग) हलवून बघ हे कुणी सांगत नाही. रंग दिसत नसले तरी टेम्परेचर स्लायडर हलवला की राखाडी छटा बदलतात कारण खाली रंग तसेच आहेत. कधीकधी मिक्समध्ये अर्धा तास घालवून जे होत नाही ते इथे दोन सेकंदात होतं.

एवढं करूनही चेहरा सुटा झाला नाही तर मास्कमध्ये सब्जेक्ट सिलेक्ट करून तो उलटा कर आणि बॅकग्राउंडचं एक्सपोजर अर्धा स्टॉप, म्हणजे ०.५०, उतरव. पण हे शेवटी. आणि मिक्सचे स्लायडर टोकाला नेऊ नकोस, गालावर नॉइज (दाणे) उठतो आणि केसांच्या कडेला पांढरी रेघ येते, १२ बाय १८ ला ती लपणार नाही. रॉ मध्ये काढलेस ते फार बरं झालं, जेपेगमध्ये एका चॅनेलला २५६ पायऱ्या, १४ बिट रॉ असेल तर १६,३८४, त्यामुळे ओढाताण सहन होते.

काळोखी_खोली

बायने छान समजावलंय. मी मडगावला स्टुडिओत डार्करूममध्ये काम केलेला माणूस, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म वापरायचो आम्ही, तर माझ्याकडून थोडं सांगतो.

हे स्लायडर आम्ही फोटो काढतानाच लावायचो, लेन्सवर फिल्टर म्हणून. पिवळा फिल्टर आकाशासाठी, आणि पुरुषांच्या पोर्ट्रेटला बरेचजण फिकट हिरवा लावायचे. हिरव्या काचेतून लाल प्रकाश कमी जातो, म्हणून कातडी गडद येते, ओठ ठळक होतात, गालावरची खरबर, उन्हाने रापलेली कातडी सगळी वर येते. लाल फिल्टरने उलटं होतं, कातडी गुळगुळीत आणि उजळ, डाग निघून जातात, माणूस मेणाचा दिसायला लागतो. तुझे ते प्रीसेट आजोबांना गोरं करतात ना, त्यात लाल आणि नारिंगी चढवलेले असणार, दुसरं काही नाही.

आता मुद्द्याचं. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सच्या झोन सिस्टिममध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांत, पाचवा झोन म्हणजे १८ टक्के राखाडी, आणि चेहरा सहाव्या झोनमध्ये ठेवा असं सगळे शिकवतात. ते गोऱ्या लोकांच्या कातडीचं माप आहे बाबा. शेतात, होडीवर, मिठागरात आयुष्य काढलेल्या आपल्या माणसाचा चेहरा पाचव्यात बसतो, कधी त्याच्याही खाली. तो तिथेच राहू दे. तू चेहरा उजळ करून ठसा आणायला बघू नकोस, आजूबाजूचं खाली उतरव आणि चेहऱ्यातल्या चेहऱ्यात फरक वाढव. कपाळावर, नाकाच्या दांडीवर, गालाच्या हाडावर जिथे आभाळाचा उजेड पडलाय तिथे थोडं उजळ कर, डोळ्यांच्या खोबणीत आणि मानेखाली तसंच सोड. सुरकुती बोलते ती यामुळे, क्लॅरिटी स्लायडरमुळे नव्हे. आम्ही हे एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्राखाली) हाताच्या पंजाने आणि तारेला चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याने करायचो, एकेका प्रिंटला नवीन. तुला ब्रश आहे, फ्लो (ब्रशचा जोर) १० वर ठेव आणि हळूहळू चढव.

कँडिड फोटोत लाइट आपल्या हातात नसतो, म्हणून हे काम नंतर करावं लागतं, त्यात लबाडी काही नाही. पण जो उजेड मुळात पडलाय त्याच्याच दिशेने करायचं. आभाळ डाव्या बाजूला मोकळं होतं आणि तू उजवा गाल उजळ केलास तर बघणाऱ्याला सांगता नाही आलं तरी खटकतं.

अंत्रुजकर

काका, बाय, देव बरें करूं! आत्ताच लाल खाली आणि पिवळा खाली करून बघितलं, गडगा खरंच मागे गेला, आजोबा पुढे आले. डोक्यावरची ती पिशवी निळसर आहे, तिला निळ्या स्लायडरने वेगळं उतरवता आलं हे तर बोनस. पण त्या पोराच्या फोटोला हे चालतच नाही, चिखल पण नारिंगी आणि कातडी पण नारिंगी, एक हलवला की दोन्ही हलतात.

बार्देशी_बाय

तिथे ते वेगळे करायचा प्रयत्नच करू नकोस, त्या फोटोत चिखल हाच चेहरा आहे. तिथे युक्ती वेगळी. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांच्यात रंग जवळजवळ नसतो, त्यामुळे रंगाचे स्लायडर त्यांना फारसे लागतच नाहीत. म्हणून नारिंगी खाली ने, उणे २० ते उणे ३० पर्यंत, सगळा चिखल एकसाथ गडद होईल आणि डोळे-दात जागच्या जागी चमकत राहतील. डोळे ब्रशने पांढरे करायची गरजच पडत नाही, आणि ते ब्रशने केलेले डोळे मला बघवत नाहीत, भुतासारखे दिसतात.

मग ओल्या चिखलावर आभाळाची जी चमक आहे ती पकड. टोन कर्व्हमध्ये वरचा (उजळ छटांचा) भाग थोडा उचल, मधला जागेवर धरून ठेव. टेक्स्चर वाढवलंस तर चालेल, चिखलाचे कण उठतील. ढगाळ दिवस असल्याने सावल्या मऊ आहेत, त्यामुळे एवढं ताणलं तरी फोटो फाटत नाही, भर उन्हात काढलेला असता तर इतका जोर देता आला नसता. आजोबांचे केस पांढरेफटक होतात म्हणालास ना, त्यांचं पण हेच, केसांना रंग नाही म्हणून मिक्सने ते हलणार नाहीत, हायलाइट्स स्लायडर खाली घे.

वाळपईचो_मोबाईलवालो

ज्यांच्याकडे लाइटरूम नाही त्यांच्यासाठी, स्नॅपसीड या मोबाईल अॅपमध्ये ब्लॅक अँड व्हाईट टूलमध्ये कलर फिल्टर आहे, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. काका म्हणतात तो हिरवा लावून बघा, आपल्या लोकांच्या चेहऱ्याला खरंच भारी दिसतो. पण त्याआधी, म्हंजे फोटो रंगीत असतानाच, सिलेक्टिव्ह टूलने चेहऱ्यावर पॉइंट ठेवून ब्राइटनेस आणि स्ट्रक्चर सेट करा, कारण ते टूल रंग बघून जागा ओळखतं, एकदा ब्लॅक अँड व्हाईट झालं की त्याला गाल आणि भिंत सारखीच. त्यातला एचडीआर स्केप फिल्टर चेहऱ्यावर कृपा करून लावू नका. घरबसल्या मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले मासळीवाल्यांचे फोटो असेच करतो, फोनचे जेपेग असतात तरी वहिनींना व्हॉट्सअॅपवर पाठवले की खूश होतात.

डिचोलीकर

मला थोडं वेगळं बोलायचंय. चिखलकाल्याला ब्लॅक अँड व्हाईट शोभतं कारण तिथे रंग मुळात एकच आहे, मातीचा. पण हल्ली जो तो शिगम्याचे (गोव्याच्या होळीच्या सणाचे) फोटो पण ब्लॅक अँड व्हाईट करतो आणि त्याला आर्ट म्हणतो, ते मला पटत नाही. रोमटामेळातल्या (शिगम्याच्या नाचत्या मिरवणुकीतल्या) माणसाच्या तोंडावरचा गुलाल घ्या. लाल स्लायडर वर केला तर तो पीठ होतो, खाली केला तर काळा पडतो आणि हसणाऱ्या माणसाला जखम झालीय असं वाटतं. दोन्ही खोटं. तिथे रंग हाच विषय आहे, तो काढला की उरलेल्या फोटोला अर्थ राहत नाही. तेव्हा अंत्रुजकर, सगळेच फोटो ब्लॅक अँड व्हाईट हवेत हा नियम कशाला? कुंकू, अबोली, कुणबी साडीची लाल चौकट जिथे फोटोचा जीव आहे तो रंगीतच लाव की. भिंत थोडी मिश्र दिसेल, दिसू दे. काळा-पांढरा तेव्हाच जेव्हा रंग चेहऱ्यावरून लक्ष ओढून नेतोय.

अजून एक, कँडिड म्हणजे त्यांना न विचारता काढलेले. काढताना नाही विचारलं ते समजू शकतो पण हॉलमध्ये मोठे करून लावायच्या आधी आजोबांना आणि त्या पोराच्या आईबापांना एकदा दाखव. माशेल काय लांब नाही.

काळोखी_खोली

डिचोलीकरांची दोन्ही म्हणणी मला मान्य. गुलालाचं तर शंभर टक्के.

प्रिंटबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, सगळी मेहनत तिथे वाया जाऊ शकते. आपल्याकडे बहुतेक लॅब ब्लॅक अँड व्हाईट फोटो पण रंगीत कागदावरच छापतात, त्यामुळे कधी हिरवट कधी किरमिजी झाक येते. फाइल एसआरजीबी (sRGB) या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये दे, त्यांना ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांग, आणि सगळे छापायच्या आधी एकच टेस्ट काढून घे. त्यासाठी पोराचा फोटो निवड, त्यात गडद भाग जास्त आहे, चिखलातला बारकावा कागदावर बुडतोय का ते लगेच कळेल. स्क्रीनचा उजेड कागदाला नसतो, म्हणून प्रिंट नेहमी थोडी गडद येते, स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो परत एकदा बघ. टेस्ट दिवसाच्या उजेडात बघ आणि मग हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली पण बघ, झाक तिथे वेगळी दिसते. कागद मॅट घे, ग्लॉसीवर काळा जास्त खोल येतो हे खरं पण हॉलमध्ये चवथीच्या माळा लागल्या की त्यांचे दिवे प्रत्येक फोटोत दिसतील.