गाड्यांची मोजदाद: एकाच दिवशी की वर्षभर फिरती?

तापीकाठ:
आपल्याकडे नगरपालिका असो, कारखाना असो की केळी वाहतुकीची संस्था, 31 मार्च जवळ आला की जडसंग्रह नोंदवही, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची वही, बाहेर निघते आणि आठवडाभर जमेल तशा खुणा होत राहतात. माझ्या मते ही पडताळणीच नव्हे. सगळ्या गाड्या, ट्रॉल्या, पंप, जनरेटर एकाच दिवशी उभे करून मोजायला हवेत. गाडी लपत नाही, पण स्टेपनी, बॅटरी, जॅक फिरतात. सोमवारी टँकरवर दाखवलेली स्टेपनी गुरुवारी त्याच मापाच्या टिप्परवर दाखवता येते. चार स्टेपन्यांवर सहा गाड्यांचा हिशेब बसतो तो असा.

आदल्या संध्याकाळी तीन क्रमांक लिहून सह्या घ्यायच्या: भांडारातून दिलेल्या मालाची शेवटची चिठ्ठी, शेवटची आवक आणि फाटकावरच्या वहीतली शेवटची नोंद. मोजणी संपेपर्यंत एकही सुटा भाग हलवायचा नाही. 60 गाड्या, प्रत्येकी 20 मिनिटं, म्हणजे 20 तास. दोघादोघांच्या चार जोड्या लावल्या तर 5 तासांत काम उरकतं. दिवस धरायचा खंडेनवमीचा. पूजेसाठी गाड्या आवारात येतात, धुतलेल्या असतात. एरवी चिखलाखालचा चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला ओळखक्रमांक) शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

सातपुडा पायथा:
खंडेनवमीला गाड्या येतात हे खरं, पण पूजा झाली की चालकही घरी जातात, मग टूलबॉक्सची किल्ली कोणाकडे मागणार? मूळ अडचण त्याहून मोठी आहे. घंटागाडी एक दिवस थांबली की दुसऱ्या दिवशी दुप्पट कचरा. धडगाव, मोलगीकडे ठेवलेली गाडी केवळ मोजायला घाट उतरवून नंदुरबारला आणायची, आणि तेवढा वेळ तिकडचं काम बंद ठेवायचं? अग्निशमन बंबाचे होज उलगडून रांगेत मांडून ठेवणं तर मला मुळीच पटत नाही.

नियमांतही एका दिवसाची अट नाही. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 213 म्हणतो की स्थिर मालमत्ता वर्षातून निदान एकदा पडताळावी आणि निष्कर्ष नोंदवहीत लिहावा. कंपन्यांच्या लेखापरीक्षणासाठीचा 2020 चा कारो आदेश 'वाजवी अंतराने' एवढंच विचारतो.

गाडी सर्व्हिसिंगला रॅम्पवर चढते तेव्हाच मोजा. खालून चासी दिसते, ऑइल बदलताना इंजिन नंबर दिसतो, बॅटरी बाहेर काढलेलीच असते. आठवड्याला 2 गाड्या धरल्या तर 60 गाड्या 30 आठवड्यांत होतात आणि उरलेल्या आठवड्यांत पंप, जनरेटर. 5 तासांच्या धावपळीत दहाव्या गाडीनंतर माणूस वाकून नंबर वाचत नाही, आरसी पुस्तकातला उतरवतो.

लेखापरीक्षण, धुळे:
तो आरसीतला नंबर उतरवण्याचा मुद्दा दोन्ही पद्धतींना लागू आहे, म्हणून त्यावरच लिहितो. मोजणीच्या तक्त्यात नंबर आधी छापून देऊच नयेत. छापलेला असला की डोळे तोच वाचतात. चासी, इंजिन, किलोमीटर किंवा तास, बॅटरी, टायर हे सगळे रकाने कोरे हवेत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि वहीशी मेळ तिसऱ्याने टेबलावर घालायचा. भांडारपाल समक्ष हवा, पण लेखणी त्याच्या हातात नको.

चासी नंबर 17 अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं वापरलेली नसतात. म्हणजे ओ दिसला तर तो शून्य आहे, आय वाटला तर एक. आठ आणि बी, पाच आणि एस यांची गफलत मात्र होतेच. त्यावर इलाज आरटीओतलाच: पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि तो ठसा तक्त्याला जोडायचा. बहुतेक ट्रक-टँकरवर नंबर उजव्या चासीपट्टीवर पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. रॉकेल आणि तारेचा ब्रश पुरतो, ग्राइंडर अजिबात लावू नका, अक्षरंच जातात. फोटो काढायचा तर टॉर्चचा उजेड समोरून नको, बाजूने तिरका पाडा, खोलगट अक्षर उठून दिसतं. घंटागाडीच्या चासीला कचऱ्याचं पाणी खातं, तिचा ठसा दरवर्षी घ्याच. इंजिन नंबर जुळला नाही तर लगेच चोरी समजू नका. इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर नोंद राहून गेलेली असते. गॅरेजातलं दुरुस्तीचं जॉबकार्ड शोधा, मग आरटीओत नोंद करून घ्या.

जेसीबीला किलोमीटर नव्हे, तास बघायचे. तासमीटर बंद असेल तर तसं लिहा, लॉगबुकातला आकडा उचलू नका, कारण डिझेलचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा असतो.

भंगारवाडा:
भाऊ, बठ्ठं खरं शे, पण चालू गाड्यांवरच वाद चाललाय. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या 15 वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून संपली. अशा गाड्या कंपाउंडच्या कडेला वेड्या बाभळीत उभ्या आहेत आणि निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे वहीतून रीतसर कमी होईपर्यंत, त्यातून आधी बॅटरी जाते, मग टायर, मग रेडिएटर, अल्टरनेटर. मोजणारे लांबूनच 'एक गाडी, नादुरुस्त' लिहितात. गाडी उभी केली त्याच दिवशी कोणते भाग अंगावर आहेत याचा पंचनामा करा आणि मोजणीची सुरुवात तिथूनच करा. सुटे भाग गेलेली गाडी भंगार केंद्रावर नुसत्या लोखंडाच्या भावात जाते.

उलट दिशेनेही बघा. वहीतून मैदानाकडे सगळेच जातात, पण मैदानातून वहीकडे कोणी येत नाही. योजनेतून मिळालेला जनरेटर, ठेकेदार सोडून गेलेला पंप, अशा वस्तू वहीत नसतातच.

तापीकाठ:
नेहमीच्या गाड्यांची ओळख रॅम्पवर पटवा, हे मान्य करतो. धडगावची गाडीही तिथेच मोजा. पण फिरत्या वस्तूंसाठी एक दिवस लागणारच. ट्रॉलीचंच घ्या. ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली स्वतंत्र नोंदणीची असते, तिला स्वतःचा चासी नंबर असतो, आणि पाटी दोन बोल्ट काढले की दुसऱ्या ट्रॉलीवर बसते. स्टेपनी, बॅटरी, ट्रॉली, पाणबुडी पंप एवढंच धरलं तर गाड्या रात्री आवारात आल्यावर दोन तासांत होतं. लांब ठेवलेल्या गाड्यांवरच्या या वस्तू त्याच वेळी तिथला माणूस मोजेल.

सातपुडा पायथा:
रात्री नको. टायरचा नंबर टॉर्चमध्ये वाचताना चुका होणारच. आणि टायरला कायमचा क्रमांक असेल तर एक दिवस कशाला हवा? सोमवारी 47 नंबरचा टायर टँकरवर लिहिला आणि गुरुवारी तोच 47 टिप्परवर दिसला तर तक्ताच बोलेल. टायर आला की बाजूवर तापल्या लोखंडाने क्रमांक डागा, मिलिमीटरभराहून खोल नको, रेडियल टायरची बाजू पातळ असते. रिट्रेड करताना वरचा पट्टाच बदलतो, हा क्रमांक टिकतो. बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर अंक ठोका. टायरवर उत्पादनाचे चार आकडेही असतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. गेल्या वर्षी घेतलेल्या टायरवर तो दिसला तर अदलाबदल कळते. एवढा खर्च होत नसेल तर एका दिवसाचा आग्रह धरा, माझी हरकत नाही.

तापीकाठ:
टायर-बॅटरीपुरतं पटलं. जॅक, व्हीलपाना, टो चेन यांना कोण डागणार? त्यांच्यासाठी दिवस ठरवाच, आणि तो टंचाईच्या आधी, फेब्रुवारीत घ्या. मार्चनंतर टँकर आवारात सापडत नाहीत.

लेखापरीक्षण, धुळे:
जॅकवर वेल्डिंगने गाडीचे शेवटचे चार आकडे काढता येतात, पण बाहेरच्या पत्र्याच्या पायावर. सिलिंडरवर कधीच नाही, सील जळतं आणि जॅक वजन धरत नाही. आणखी एक राहिलं: मोजणीच्या दिवशी बाहेरच्या गॅरेजात असलेल्या गाडीची नुसती पावती चालवू नका, तिथे जाऊन ठसा घ्या. पोलीस ठाण्यात अडकलेल्या गाडीसाठी पंचनाम्याची प्रत तक्त्याला लावा आणि तिच्यावर त्या दिवशी काय शिल्लक आहे ते तिथे जाऊन लिहून आणा.